चार नळ्या

मेडिकल कॉलेजची पोरगी आली, तेजल नावाची,
अंगणवाडीत चटई टाकून बसली,
अन् मले चार नळ्या दिल्या, करंगळीएवढ्या.
एक उठल्या उठल्या, एक दुपारी,
एक दिवा लावताना, एक झोपताना.
यात थुंकायचं, मावशी.
म्हटलं, चोपन्न वर्षं गिळत आली,
आता थुंका म्हणते सरकार.

हसली नाही. लिहून घेतलं.
पाळी कधी गेली?
चार वर्षं झाली, धान कापणीच्या दिवसांत.
विळ्याले धार लावता लावता ध्यानात आलं,
या महिन्यातबी नाही. तेवढंच.
सोयरं न सांगता गावाले निघून जाते, तशी.
मग दोन वर्षं भट्टी. मग तीबी विझली.
आता कार्तिकापासून पुन्हा पेटते,
रात्री दीड वाजता, पाठीतून वर.

कार्तिकात काय झालं, मावशी?

मी नळीचं बूच फिरवत राह्यली.
बूच निळं होतं.

धुऱ्यावर रायवंताचा डबा सापडला,
झाकण लावलेलं, भाजी तशीच.
माह्यात अन् तिच्यात एकच धुरा होता.
मी वाकलेली होती.
वर पाह्यलं तं धान हलत होतं,
अन् वारा नव्हता.

तवापासून पाच जणी जातो कापाले.
चौघी कापतात, एक नुसती पाहाते.
पाळीपाळीनं पाहातो.
घरी आल्यावर बाकीच्या थांबतात,
माहं अंग पाहातच राहते.

पंधरा दिवसांनी ती कागद घेऊन आली.
वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं.
डोक्यात वाटाण्याएवढी गाठ.
ती अजून हाका मारते खालच्या दोन घरांले,
आधीपेक्षा मोठ्यानं,
घरात कोणी नाही हे तिले पटतच नाही.
मूत्रपिंडांवर दोन टोप्या.
आता त्याच थोडा थोडा कच्चा माल देतात,
अंगावरची चरबी तो शिजवते,
बाईपणाचं तेवढंच उरलेलं रेशन.
पण भीतीचं रसायनबी त्याच टोप्या बनवतात.
वाघ आला की आधी वाघाचं काम,
बाकीचं मागं पडते.

"असं दिसतं," तेजल म्हणे,
"नक्की अजून कुणालाच माहीत नाही."
मले ती तवा आवडली.

सकाळची नळी चढलेली पायजे,
रात्रीची उतरलेली, असा नियम.
माही चौथी नळी उतरलीच नाही.
रात्री दहालेबी धुऱ्यावर उभी.

औषध काय, विचारलं.
हळू श्वास घ्या, म्हणे. झोप पूर्ण करा.
मी म्हटलं, हे वाघालेबी लिहून दे.
आता हसली.

पुसाची रात्र. हवेले दात फुटले होते.
दीड वाजता उठलं पाठीतून,
मानेवर, कानावर, कपाळावर.
मी गोधडी फेकली.
बाजूले पुस्तकला, माही नणंद,
तिचे पाय ओल्या गोट्यावाणी.
विचारलं नाही, सरळ माह्या पोटरीले लावले.
"सरकू नोको वो," म्हणे,
"आज मस्त पेटली तू."

दूर जंगलाकून फटाके वाजले, फॉरेस्टवाल्यांचे.
तीन. मग एक.
दोघीबी ऐकत राह्यलो.
कुत्रं भुंकलं नाही.
मी मोजत होती काहीतरी, काय ते आता आठवत नाही.
तिचे पाय कोमट झाले.

पाचवी नळी कोणी दिली नव्हती.
असती, तं तवाच थुंकली असती.